जुन्या पिकअपचं ढिलं स्टेअरिंग: कुठून सुरुवात केली आणि काय काय सापडलं

माझी पिकअप जुनी आहे. पुढे सरळ अखंड एक्सल, चारही चाकांना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पुढच्या चाकांना किंगपिन (ज्या उभ्या पिनवर चाक डावं-उजवं वळतं ती), आणि चेसीवर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर बोल्टने बसवलेला स्टेअरिंग बॉक्स (व्हीलचं फिरणं चाकांकडे नेणारा दात्यांचा डबा), पॉवरवाला. बऱ्याच दिवसांपासून ही गाडी साठच्या पुढे गेली की एका रेषेत राहीना. सरळ रस्त्यावर पण हात सतत चालू, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, परत डावीकडे, आणि मध्येच एखादा खड्डा आला की गाडी स्वतःच्या मनाने दुसरीकडेच निघायची. तासभर चालवलं की खांदे दुखायचे. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, बॉक्सच्या डोक्यावरचा स्क्रू पाव फेरा आवळ, होईल नीट.

तो स्क्रू मी मुद्दाम शेवटपर्यंत हात न लावता ठेवला आणि ते बरं झालं. कारण स्टेअरिंग व्हीलपासून टायरपर्यंत मध्ये आठ-दहा सांधे असतात आणि प्रत्येकात थोडा थोडा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, असला की हाताला तो सगळा एकत्र जाणवतो. बॉक्स आवळला तर हाताला घट्ट लागतं, पण खालचा झिजलेला जॉइंट झिजलेलाच राहतो, वर बॉक्स आतून घासायला लागतो तो वेगळाच.

तर सगळ्यात आधी मी तक्रारीचे दोन भाग केले. एक म्हणजे प्ले, स्टेअरिंग फिरतंय पण चाक हलत नाही. दुसरं म्हणजे भरकटणं, स्टेअरिंग धरून ठेवलंय तरी गाडी कधी इकडे कधी तिकडे जाते. हे दोन्ही एकत्र असू शकतात, पण कारणं वेगळी असतात. प्ले हा झिजेचा किंवा ढिल्या बोल्टचा विषय, भरकटणं हे टायर, अलाइनमेंट (चाकांचे कोन), पाट्यांचे बुश (सांध्यातली नळीसारखी अस्तरं) इकडून पण येतं. आणि गाडी कायम एकाच बाजूला ओढत असेल तर ते तिसरंच प्रकरण, तिथे आधी ब्रेक चिकटतोय का, दोन्ही टायरमध्ये हवा सारखी आहे का ते बघायचं.

प्ले मोजायला काही लागत नाही. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, इंजिन चालू, खिडकीतून डोकं बाहेर काढून पुढच्या टायरकडे बघत स्टेअरिंग व्हीलची रिम हळू हळू फिरवायची, टायर हलायला लागलं की थांबायचं, मग उलट बाजूला तसंच. रिमवर टेपचा तुकडा लावून मधलं अंतर मोजलं तर माझ्या गाडीत जवळजवळ ७ सेंटीमीटर निघालं. जुन्या बॉक्सवाल्या गाडीत २-३ सेंटीमीटर मी चालवून घेईन, ७ म्हणजे काहीतरी नक्कीच सुटलंय. हा आकडा लिहून ठेवा, पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर परत मोजला की कशाने किती फरक पडला ते कळतं, नाहीतर नुसतं "आता बरं वाटतंय" एवढंच हातात राहतं.

खाली जायच्या आधी टायर. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक सोडून देतात. सकाळी गाडी थंड असताना हवा तपासली तर पुढचे दोन टायर सारखे नव्हते, एकात बरीच कमी. ती भरल्यावर थोडा फरक पडला पण मूळ तक्रार तशीच. मग ट्रेडवरून हात फिरवला, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने बोटाला कडा लागत होत्या, म्हणजे टायर सरळ न फिरता आडवं घासत चाललंय, टो (वरून बघताना पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलेला आहे. टायरला कुठे फुगवटा आहे का ते पण बघितलं, नव्हता. टायरवर संशय असेल तर पुढची जोडी मागे आणि मागची पुढे टाकून चालवून बघायचं, वागणं बदललं तर टायरच दोषी.

आता खरं काम. ही तपासणी चाकं जमिनीवर असतानाच करायची, गाडी जॅकवर नाही, हे पहिलं. वजन चाकावर असलं की टायर जमिनीला धरून राहतं आणि प्रत्येक जॉइंटवर खरा जोर येतो. हवेत चाक सहज फिरतं आणि ढिला जॉइंट पण शहाण्यासारखा वागतो. हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना पुढून मागून लाकडाचे ओंडके, इंजिन चालू, आणि धाकट्या भावाला व्हीलवर बसवलं. त्याला सांगितलं की पूर्ण फिरवायचं नाही, नुसतं मधल्या मध्ये डावं उजवं, चाक हलायला सुरुवात होईल एवढंच. मी खाली टॉर्च घेऊन. इंजिन चालू असताना खाली जायचं म्हणजे पंखा, बेल्ट, गरम सायलेन्सर यापासून हात आणि बाही लांब, आणि व्हीलवरच्या माणसाने सांगितल्याशिवाय काहीही करायचं नाही.

वरून खाली एकेक सांधा. आधी स्टेअरिंग कॉलमच्या (व्हीलखालच्या दांड्याच्या) खाली असतो तो कपलिंग, काही गाड्यांत तिथे रबराची चकती असते, ती फाटते किंवा तिचे बोल्ट ढिले होतात. माझ्याकडे तिथे छोटा युनिव्हर्सल जॉइंट आहे, त्याच्या वरची बाजू आणि खालची बाजू एकदमच फिरत होती, म्हणजे तो ठीक. मग बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट. एक हात त्या शाफ्टवर आणि डोळा ड्रॉप आर्मवर, म्हणजे बॉक्सला खाली जोडलेल्या हलणाऱ्या दांड्यावर, ठेवायचा. शाफ्ट फिरतोय आणि ड्रॉप आर्म अजून उभाच आहे असा जो मधला काळ, तो बॉक्सचा स्वतःचा प्ले. माझ्यात तो होता, पण सगळे ७ सेंटीमीटर तिथून येतील एवढा नक्की नव्हता.

त्यानंतर बॉक्स आणि चेसी यांच्यामधली फट. इथे बरेच जण बघतच नाहीत. बॉक्सच्या कडेवर एक बोट आणि चेसीवर दुसरं बोट ठेवून भावाला हलवायला सांगितलं तर बॉक्स अगदी किंचित, पण चेसीवर हलत होता! डोळ्याला दिसला नसता, बोटांना कळलं. एक बोल्ट ढिला होता आणि त्याच्या वॉशरभोवती धातू चमकत होता, घासून घासून. जुन्या गाडीत इथे चेसीलाच तडा पण जातो, म्हणून वायर ब्रशने माती, ग्रीस सगळं साफ करून बोल्टच्या भोकांभोवती नीट बघितलं. तडा नव्हता. तडा असेल तर नुसता बोल्ट आवळून काही उपयोग नाही, तिथे वेल्डिंगचं चांगलं काम लागतं. मी सगळे बोल्ट काढून धागे साफ करून टॉर्क पान्याने बरोबर आवळले.

मग ड्रॅग लिंक, म्हणजे ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा. "दादा, अजून किती वेळ हलवू?" असं वरून चाललं होतं आणि मी म्हणत होतो थांब, परत एकदा, हळू. कारण जॉइंट नुसता बघून कळत नाही, त्याला हातात धरावं लागतं. बोटं अशी ठेवायची की अर्धी आर्मवर आणि अर्धी जॉइंटच्या बॉडीवर, आणि दोघांमध्ये बाजूला सरकल्यासारखं जाणवतंय का ते बघायचं. ड्रॉप आर्मकडच्या एंडमध्ये (टोकाच्या जॉइंटमध्ये) प्रत्येक वेळी दिशा बदलली की बोटाखाली टक्क व्हायचं. रबरी बूट एका बाजूने फाटलेला, आत ग्रीस म्हणावं असं काही उरलंच नव्हतं, त्याच्या जागी तपकिरी लालसर कोरडी पूड, चिमटीत घेतली तर वाळूसारखी कचकचणारी. पाणी आणि धूळ आत जाऊन बॉल आणि कप दोन्ही खाल्लेले. टाय रॉडचे (पुढची दोन चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याचे) एंड मात्र चांगले होते. एक सांगतो, टाय रॉड हाताने त्याच्या स्वतःच्या अक्षाभोवती थोडा गोल फिरतो, ते नॉर्मल आहे, त्याला झीज समजू नका. झीज म्हणजे बाजूला सरकणं.

ज्यांच्या गाडीला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी वर-खाली होणारं) आहे त्यांच्यात ड्रॉप आर्मच्या विरुद्ध बाजूला चेसीवर एक आयडलर आर्म, म्हणजे दुसऱ्या टोकाला आधार देणारा दांडा, असतो, तो वर खाली हलवून बघा, त्याचा बुश झिजला की टो चालता चालता बदलत राहतो आणि गाडी भरकटते.

ड्रॅग लिंकचा एंड बदलताना दोन गोष्टी सांभाळल्या. तो टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) अडकून बसलेला असतो, त्याला वरून ठोकायचं नाही, धागे खराब होतात. नट थोडा ढिला करून ज्या आर्ममध्ये तो बसलाय त्या आर्मच्या डोळ्यावर (भोकाभोवतीच्या गोल भागावर) बाजूने हातोड्याचा कडक फटका द्यायचा, सुटतो. आणि नवीन बसवताना नट पूर्ण आवळून स्प्लिट पिनचं (नट अडकवून ठेवणाऱ्या पिनचं) भोक जुळलं नाही तर नट मागे घ्यायचा नाही, थोडा पुढेच आवळून भोक जुळवायचं. पिन नवीनच टाकायची. असा टक्क वाजणारा जॉइंट सापडला असेल तर तो बदलेपर्यंत गाडी वेगात नेऊ नका. हा जॉइंट सुटला तर व्हील हातात राहतं आणि चाकं आपली आपली जातात, इथे "चालतंय तोवर चालवू" म्हणायची सोयच नाही.

हे दोन झाल्यावर मोजलं, ७ चे साधारण साडेचारवर आलं.

आता गाडी वर. पुढचा एक्सल जॅकने उचलून स्टँडवर ठेवला, नुसत्या जॅकवर नाही. टायर वरून आणि खालून धरून हलवलं, मग डावीकडून उजवीकडून धरून. डाव्या चाकाला वर-खाली धरल्यावर प्ले होता. हा बेअरिंगचा की किंगपिनचा हे ओळखायला भावाला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं. ब्रेक दाबला की हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि मागचा भाग एक होतात, तेव्हा प्ले गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. माझा बराचसा गेला, थोडा राहिला. बेअरिंग साफ करून, नवीन ग्रीस भरून, चाक फिरवत नट आवळून मग परत थोडा सोडून सेट केलं. उरलेला प्ले डाव्या किंगपिनच्या बुशचा, तो सध्या हद्दीत आहे. बॉल जॉइंटवाली (किंगपिनऐवजी गोळ्याचे सांधे असलेली) गाडी असेल तर जॅक कुठे लावता याला फार महत्त्व आहे, स्प्रिंग सस्पेन्शनच्या खालच्या आर्मवर बसत असेल तर जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावायचा, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने जॉइंट ताणलेला राहतो आणि झीज लपते.

यानंतर पण मधोमध ढिलेपणा होताच, आणि इथेच मला या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सापडली. या प्रकारच्या बॉक्समध्ये आतले दाते असे बनवलेले असतात की बरोबर मध्यावर ते घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूला वळताना थोडे सैल होतात. गाडी सरळ जाताना बॉक्स त्या मध्यावर असला पाहिजे. मी ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवली आणि व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवून फेरे मोजले. लिंक सुटलेली असताना टोकाला जोरात आपटायचं नाही, आतल्या भागाला मार बसतो. एकूण फेऱ्यांच्या निम्म्यावर आणलं तर व्हील जवळजवळ अर्धा फेरा तिरकं! म्हणजे आधी कधीतरी कोणीतरी व्हील तिरकं दिसतंय म्हणून ड्रॅग लिंकची लांबी न बदलता व्हीलच काढून सरळ करून बसवलं होतं. दिसायला सरळ, पण रस्त्यावर बॉक्स कायम आपल्या सैल भागात चाललेला, तिथे प्ले लागणारच, आणि अशा वेळी वरचा स्क्रू आवळला असता तर सैल भाग घट्ट झाला असता आणि खरा मध्य आल्यावर दाते एकमेकांवर दाबले गेले असते.

मग बॉक्स मध्यावर ठेवला, चाकं सरळ ठेवली, ड्रॅग लिंकचा ॲडजस्टर फिरवून लिंकची लांबी अशी केली की ती ओढाताण न करता बसेल, आणि शेवटी व्हील काढून सरळ बसवलं. परत मोजलं तर २ सेंटीमीटरच्या आसपास. स्क्रूला हात लावायची गरजच पडली नाही. ज्यांना खरोखर लागेल त्यांच्यासाठी एवढंच, आधी आतल्या शाफ्टच्या बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाचा ठरावीक दाब), मग वरचा स्क्रू, तो पण लिंक सोडवून, बॉक्स मध्यावर ठेवून, अगदी थोडा थोडा. आवळल्यावर वळणानंतर व्हील स्वतःहून परत यायचं थांबलं तर जास्त झालंय, लगेच मागे घ्या.

प्ले गेला, म्हणून मी रस्त्यावर घेऊन गेलो, आणि भरकटणं निम्मं कमी झालं होतं पण गेलं नव्हतं. वळण घेऊन हात सैल सोडला की व्हील पूर्ण सरळ येत नव्हतं, मध्येच थांबायचं. हे कॅस्टर कमी असल्याचं लक्षण, किंवा किंगपिन कोरडे पडून जड झाले असले तरी असंच होतं. म्हणून आधी चाकं उचलून, ग्रीस निपलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन मारलं. थोडं हलकं झालं, वागणं तेच.

कॅस्टर म्हणजे किंगपिनचा वरचा भाग मागे झुकलेला असतो तो कोन. सामानाच्या ट्रॉलीचं चाक जसं आपोआप मागे वळून सरळ धावतं, तसं पुढचं चाक या कोनामुळे सरळ राहायला बघतं. कोन कमी झाला की चाकाला दिशाच उरत नाही. आता माझ्या गाडीला कधीतरी ओझ्यासाठी मागे जादा पाटे टाकलेले होते, त्यामुळे हौदा रिकामा असताना मागची बाजू उंच, आणि पुढचे पाटे जुने होऊन बसलेले. मागून उंच आणि पुढून खाली म्हणजे पूर्ण गाडीच पुढे झुकली, तेवढा कॅस्टर कमी झाला. हौद्यात माल असला की गाडी जरा बरी चालते असं मला आधीपासून वाटायचं, त्याचं कारण हेच.

अलाइनमेंटच्या मशिनवर लावली तर कॅस्टर दोन्ही बाजूला अर्ध्या अंशाच्या आसपास दाखवला. तिथे मला टो लगेच सेट करून देत होते, मी नको म्हणालो, कारण पुढे कॅस्टर बदलला की टो परत बघावाच लागणार. आधी पुढच्या पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला टांगणाऱ्या झुलत्या पट्ट्यांचे) बुश पहारीने हलवून बघितले. शॅकलचे बुश इतके गेलेले की पाटा आडवा सरकत होता, म्हणजे एक्सल पण त्याच्याबरोबर. बदलले. मागचे यू बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे) आणि पाट्यांचे सेंटर बोल्ट पण तपासले, मागचा एक्सल सरकला तर गाडी मागून वळायला लागते आणि माणूस पुढे शोधत बसतो. हे ओळखायला पुढच्या आणि मागच्या चाकाच्या केंद्रांमधलं अंतर डाव्या आणि उजव्या बाजूला टेपने मोजायचं, सारखं असलं पाहिजे. माझं सारखं होतं.

मग पुढच्या एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये २ अंशाच्या पाचरी टाकल्या. माझ्या गाडीत पाटा एक्सलच्या वर आहे, म्हणून पाचरीची जाड बाजू मागे, की किंगपिनचा माथा मागे झुकतो. पाटा एक्सलच्या खाली असेल तर उलटं, जाड बाजू पुढे. यू बोल्ट नवीन घातले, जुने एकदा ताणले गेलेले परत वापरणं मला पटत नाही.

टो सगळ्यात शेवटी. घरी मोजायची पद्धत साधी आहे, चाक उचलून फिरवत ट्रेडवर खडूचा पट्टा ओढायचा आणि त्यावर खिळ्याने एक बारीक रेघ, मग गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलायची म्हणजे पाटे आणि टायर आपल्या जागी बसतात, आणि दोन्ही रेघांमधलं अंतर एक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजायचं. माझ्या गाडीत पुढचं अंतर जास्त होतं, म्हणजे टो आउट, आणि टो आउटवाली गाडी सरळ रस्त्यावर कधीच गप्प बसत नाही, एकदा हे चाक ओढतं, एकदा ते. टाय रॉड फिरवून पुढचं अंतर मागच्यापेक्षा २ मिलीमीटर कमी केलं, क्लॅम्प आवळले, आणि नंतर मशिनवर खात्री करून घेतली. कॅस्टर अडीच अंशाच्या जवळ आला होता.

मध्ये एकाने नवीन स्टेअरिंग डॅम्पर टाकायला सांगितलेलं. डॅम्पर खड्ड्याचा धक्का आणि चाकाची थरथर मारतो, प्ले त्याने जात नाही, फक्त लवकर लक्षात येत नाही, म्हणून मी टाकला नाही.

आता ऐंशीला रिकामी गाडी एका हाताने सरळ जाते, वळणानंतर व्हील स्वतःहून मध्यावर येतं. बाजूचा जोरदार वारा असला की उंच मागच्या बाजूमुळे थोडी ढकलली जाते, तेवढं राहिलंय. काही शे किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट परत आवळले, दोन नट खरंच थोडे फिरले. बॉक्सच्या बोल्टवर पिवळ्या पेंटची रेघ मारून ठेवलीये, नट हलला की रेघ तुटलेली दिसेल. डाव्या किंगपिनचे बुश आणून ठेवलेत, पुढच्या ग्रीसिंगला चाक उघडेन तेव्हा दोन्ही बाजूचे एकदमच बदलणार आहे.